अदपाव एचपीचा अ‍ॅम्प्लिफायर

‘नो कॉस्ट ईएमआय’ची पाटी वाचून तालुक्याच्या दुकानात शिरलं की मालाआधी आधार मागतात. मग पॅन, ओटीपी, पुन्हा ओटीपी. फायनान्सच्या पोराच्या टॅबमध्ये टीव्ही, फ्रीज, कूलर सगळं होतं, फक्त मला हवा तो अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. “वॉशिंग मशीन टाकू का, भाऊ?” नको रे बाबा. गाडी क्रेडिट कार्डावर आली.

फवारणी पंपासाठी बाजूला बसलेल्या काकांनी खोक्यावर बोट वाजवलं.

“याचे कितीक?”

“४८ हजार.”

“अन् भोंगे?”

“स्पीकर वेगळे घ्यावे लागतात.”

“म्हंजे हा एकटा वाजतच नाही?”

नाही वाजत. काकांनी शांतपणे तंबाखू मळला. “किती एचपीचा हाये?”

८ ओहमच्या स्पीकरला चॅनलमागं, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, ५० वॉट, दोन्ही मिळून १००, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

“वॉट नोको सांगू. एचपीत सांग.”

एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. दुकानदारानं, मला माल विकायला बसलेल्या माणसानं, स्वतः कॅल्क्युलेटर पुढं सरकवला. ०.१३४, म्हणजे साधारण एक अष्टमांश.

“अदपाव!” काकांनी अख्ख्या दुकानाला ऐकवलं. “अदपाव एचपीले ४८ हजार! राजेहो, माह्या विहिरीवर पाच एचपीची हाये, अन् ते पानी तरी देते!”

घरच्या खोलीत साधारण आवाजाला दोन-चार वॉटही पुरतात, उरलेली ताकद तबल्याच्या थापेसारख्या अचानक उसळीसाठी राखीव लागते, ती कमी पडली की आवाज फाटतो, हे समजावायला गेलो. काका म्हणाले, “म्हंजे अदपावही पुरा वापरत नाही?” फायनान्सचा पोरगा टॅबमागं तोंड लपवून हसत होता.

हसू दे. खरी गंमत हप्त्यातच होती. ४,००० चे बारा, म्हणजे बरोबर ४८,०००. वरवर पाहता व्याज कुठंच नाही. प्रत्यक्षात वर्षाला १५ टक्के धरले, तर कंपनी नाहीतर दुकानदार ३,६८३ रुपये सूट म्हणून आधीच कापतो, बँक ४४,३१७ चं कर्ज धरते आणि ते ३,६८३ व्याज म्हणून हप्त्यांतून वसूल करते. कार्डावरच्या या व्याजाला १८ टक्के जीएसटी लागतो: ६६३ रुपये. प्रोसेसिंग फी १९९, तिच्यावरही जीएसटी. ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट झाली सुमारे ९०० रुपये. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. पाट्यांनी शून्य पुसलं आणि ‘नो कॉस्ट’ रंगवलं.

पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं की शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. ते शून्य खरं, पण तिथंही ‘वेळेत’ हा शब्द आहेच. फवारणी पंपाच्या हप्त्याला तर दर महिन्याची तारीख. कापूस-सोयाबीनचा पैसा काय दर महिन्याला येतो? खात्यात रक्कम नसली की बँक वेगळा दंड लावते, फायनान्सवाला वेगळा. काकांना हे कुणी एचपीत सांगितलं नाही.

आणि माल बिघडून परत गेला, तरी हप्ता आपोआप थांबेल अशा भ्रमात राहू नये. दुकानातून व्यवहार रद्द झाल्याचा कागद घेऊन बँकेच्या मागं लागावं लागतं. प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा गेलीच समजा.

त्यापेक्षा ते ३,६८३ रुपये रोखीच्या भावातून कमी करा म्हणावं. मी म्हणून पाहिलं. दुकानदार वर पंख्याकडं बघायला लागला.