पुस्तक जाळायचंय? आधी विकत घ्या

एखादं पुस्तक जगातून नाहीसं करायचं मनात आहे ना? मग मोर्चे, निवेदनं यांत वेळ घालवू नका. रोख मोजा आणि अख्खा साठाच उचला. लंडनचे बिशप कथबर्ट टनस्टॉल यांनी हेच केलं.

विल्यम टिंडेलने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूनंतरचा भाग, चर्चच्या परवानगीविना इंग्रजीत आणला आणि १५२६ मध्ये जर्मनीत वर्म्सला छापला. कापडाच्या गठ्ठ्यांत दडून प्रती इंग्लंडात उतरू लागल्या. बिशपसाहेबांनी सेंट पॉलपाशी त्यांची होळी केली, तरी माल येतच राहिला. तेव्हा त्यांनी मुळावरच घाव घालायचं ठरवलं. तुम्हीही घाला.

दलाल निवडताना एवढंच बघा, तो लेखकाच्या ओळखीतला हवा. अँटवर्पमध्ये बिशपना ऑगस्टिन पॅकिंग्टन हा व्यापारी भेटला. 'सगळ्या प्रती मिळवून देतो, फक्त पैसे लागतील.' बिशप म्हणाले, लागतील तेवढे घे. पॅकिंग्टन तडक टिंडेलकडे गेला. हा गडी कर्जात बुडालेला, घरात प्रतींची चळत.

'गिऱ्हाईक कोण?'

'लंडनचे बिशप.'

'म्हणजे जाळणार!'

'जाळणारच.'

एडवर्ड हॉलच्या बखरीतला टिंडेल हे ऐकून खूशच होतो. कर्ज फिटेल, देवाचं वचन जाळलं म्हणून जग बोंब मारेल आणि उरल्या पैशांत चुका सुधारून नवी आवृत्ती निघेल. हॉलने हिशेबही चोख मांडलाय: पुस्तकं बिशपना, आभार पॅकिंग्टनला, पैसे टिंडेलला. (आपल्याकडे शुद्धिपत्राचा कागदसुद्धा लेखकाच्या पदरचा!)

पुढे राजाचा चॅन्सलर थॉमस मोर याने टिंडेलच्या एका पकडलेल्या साथीदाराला दरडावलं, तुम्हाला पैसा पुरवतं कोण? तो म्हणाला, लंडनचे बिशप. मोरचं उत्तर: मलाही तसंच वाटतं, मी त्यांना आधीच सांगितलं होतं.

एवढं करूनही पुस्तक संपेना, तर लेखक संपवावा. १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ व्हिल्व्होर्डला टिंडेलचा गळा आवळून देह जाळण्यात आला. तीनच वर्षांनी राजाच्या संमतीने चर्चाचर्चांत ठेवायला मोठं इंग्रजी बायबल छापलं गेलं. नव्या करारात शब्द बरेचसे टिंडेलचे, नाव मात्र कुठे नाही.

त्याच बायबलच्या १५४१ च्या आवृत्तीचं शीर्षकपान जरूर पाहा. राजाज्ञेवरून मजकूर तपासणारे म्हणून दोन बिशपांची नावं आहेत. पहिलं, डरहॅमचे बिशप कथबर्ट. हो, तेच. मधल्या काळात बदली झाली होती.