नव्वद रुपयांचा किराया आणि तडकलेली पटिया (काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

काका, वय ७१ असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतेय, राग नसावा. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा डोकंच फिरलं, संध्याकाळी परत वाचली तर अर्धी पटली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांमध्ये लोक कशा खोल्यांत राहतात यावर मी लिहिलं होतं. काका म्हणतात मी मालकांना राक्षस करून टाकलंय. त्यांच्या आजोबांच्या वाड्यात आजही तीन किरायेदार महिन्याला ऐंशी-नव्वद रुपये देऊन बसलेत आणि काका पुण्यातून टॅक्स भरतायत. आणि टंचाई-बिंचाई काही नाही, सरकारी फ्लॅट आहेत की, लोकांना बाजार सोडायचा नाही एवढंच.

ऐंशी रुपयांचं खरं आहे, आणि ते लेखात यायला हवं होतं. नाही आलं कारण मी किरायेदाराच्या बाजूच्या घरातली. माझी आत्या जनकगंजकडच्या एका वाड्यात लग्न होऊन आली तेव्हापासून आहे, किराया नव्वद रुपये. मालक गेले, वारसांनी खाली करायचा दावा लावला, तेव्हापासून ती किराया कोर्टात जमा करते. १९६१ च्या आपल्या मध्य प्रदेशच्या किराया कायद्यात दावा चालू असताना महिन्याचा किराया पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरावा लागतो, म्हणून १२-१३ तारीख आली की तिची धावपळ सुरू. नव्वद रुपये भरायला टेंपोचे जाऊन-येऊन चाळीस, वर वकिलाच्या मुंशीचे पन्नास. हसू नका, तीही हसतेच.

आता ती खोली. तुम्ही इथलेच, गर्डरवर दगडी पटिया, म्हणजे लांब फरश्या, टाकलेली छत तुम्हाला सांगायला नको, पण पुण्यात स्लॅबखाली राहून विसरला असाल. आत्याच्या चुलीवरची पटिया तिरकी तडकलीय आणि गर्डर असा गंजलाय की पापुद्रे खाली पडतात, म्हणून ती भाजी झाकणाशिवाय करतच नाही, पोळी लाटताना परातीवर पेपर धरायला नातीला बसवते. भिंतीला छातीपर्यंत लोणा, ओलीने फुटणारा खार. देव्हारा आतापर्यंत तीनदा हलवला, जिकडे नेला तिकडे गळायला लागलं, शेवटी ती म्हणाली देवांनाच आवडतंय वाटतं भिजायला. खाली चौकात सहा बिऱ्हाडांत एक संडास आणि तिघऱ्याच्या धरणाचं नळाचं पाणी दिवसाआड असलं की त्याची काय अवस्था होते ते लिहीत नाही, जेवून वाचत असाल.

हे दुरुस्त कोणी करायचं? तुमचा मुद्दा इथे मला मान्य, वर्षाच्या १०८० रुपयांत सिमेंटच्या चार पोत्यासुद्धा येत नाहीत, मालक का करेल? त्यातून त्या वाड्याचे वारस नऊ, एक नागपूरला, एक अमेरिकेत, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, वाटणीच्या कागदावर सही कोण करणार. आत्याच्या मुलाने मागे पदरचे चाळीस हजार घालून छत करतो म्हटलं तर वकील म्हणाले हात लावू नका, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय बांधकाम बदललं हेच खाली करवायला कारण होईल. दुरुस्तीसाठी खाली करून परत त्याच जागी यायची सोय त्याच कायद्यात आहे म्हणतात, पण काका, एकदा कुलूप दिल्यावर परत आलेला किरायेदार तुम्ही बघितलाय का? मी नाही. मग पावसाळ्याच्या तोंडावर नगर निगमवाले (महापालिकेचे लोक) येऊन जर्जर भवनाची, म्हणजे इमारत धोकादायक असल्याची, नोटीस डकवून जातात, ती पहिल्याच पावसात भिजून पडते.

टंचाई नाही म्हणता तिथे मात्र मी अडून बसणार. २०१२ मध्ये सरकारच्याच समितीने, अमिताभ कुंडू अध्यक्ष होते, देशभरातल्या शहरांतली घरांची तूट काढली ती १ कोटी ८७.८ लाख घरांची. त्यात बेघर कुटुंबं साडेपाच लाखांच्याही आत. जवळजवळ दीड कोटी म्हणजे एकाच छताखाली कोंबून राहणारे, लग्न झालेल्या मुलाला वेगळी खोली नाही असे. आणि २०११ च्या जनगणनेत शहरांमध्येच १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी. आत्याच्या वाड्यात २२ खोल्या, ९ बंद, कुलपांना गंज. खालच्या एका खोलीत सात माणसं झोपतात आणि त्यांच्या भिंतीपलीकडच्या रिकाम्या खोलीत कबुतरं. तुमच्या वाड्यात किती बंद आहेत हे तुम्ही लिहिलं नाहीत, मुद्दाम विचारतेय.

ज्या रिकाम्या नाहीत त्यांचं वेगळंच. लक्ष्मीबाई कॉलनीकडे कोचिंगच्या पोरांसाठी एका कमऱ्याचे प्लायवुड मारून तीन केलेत, खिडकी एकालाच, आणि त्याचा किराया आत्याच्या चार-पाच वर्षांएवढा, दर महिन्याला! म्हणजे किराया वाढला की घर सुधारतं असंही नाही हो.

सरकारी फ्लॅटचं. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेतलं गरिबांचं घर ३० चौरस मीटरपर्यंतचं होतं, आत्याच्या खोलीपेक्षा मोठंच, तिला दाखवूनही आणलं. शहराबाहेर. ती पापड-कुरडया आणि दिवाळीचा फराळ करून देते, गिऱ्हाईक सगळं चालत येणारं, तिथे कोण येणार? हप्ता कशातून भरणार? स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख मिळतात, पण आधी जागा स्वतःची पाहिजे ना. तेव्हा बाजार सोडायचा नाही हे तुमचं म्हणणं बरोबर, बाजार सुटला तर ती खाणार काय?

२०२१ च्या आदर्श किराया कायद्याचा (केंद्राने राज्यांसाठी काढलेला नमुना) उल्लेख तुम्ही केलात, तो पुढच्या करारांसाठी आहे, जुन्यांना लागू नाही, म्हणजे तुम्ही आणि आत्या दोघंही जिथल्या तिथे.

परवा तिच्याकडे गेले होते तर छतावर टाकायला नवीन पन्नी, म्हणजे प्लास्टिकचा कागद, आणून ठेवली होती, जाड निळी, साडेसहाशेची. सात महिन्यांच्या किरायाची पन्नी आणली म्हणत होती, आणि वर टाकायला कोण चढणार यावर नातीशी भांडण चालू होतं.