राज्यसेवेची पूर्व परीक्षा गेली? अभिनंदन! आता पुढचीही अशीच घालवूया

निकालाची पीडीएफ आली, तू मोबाईलवर सर्चमध्ये बैठक क्रमांक टाकलास, काहीच सापडलं नाही. मग मधली स्पेस काढून टाकलास. मग शेवटचे चारच आकडे टाकलेस, न जाणो टायपिंगची काही गडबड असली तर. मग शेजारच्या कॉटवरच्याचा नंबर टाकलास आणि तो पठ्ठ्या लगेच पिवळा होऊन चमकला. इथपर्यंत सगळ्यांनाच जमतं भावा, त्यात तुझं असं वेगळं कौतुक काही नाही. राज्यसेवेची पूर्व एकदा जाणं हा अपघात असू शकतो, पण लागोपाठ दुसऱ्यांदा घालवायची तर त्याला सातत्य लागतं, शिस्त लागते, आणि ती कशी आणायची हे सांगायला माझ्याइतका अनुभवी माणूस तुला पुण्यातल्या शास्त्री रोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिळणार नाही (मिळतील खरं तर, ढिगाने मिळतील, पण ते सगळे आत्ता चहाला गेलेत).

पहिला आठवडा पूर्ण लोकसेवा आयोगाला द्यायचा. यात कसूर नको. पहिली उत्तरतालिका, मग हरकती, मग अंतिम उत्तरतालिका, त्यात कोणता प्रश्न रद्द झाला, कोणाचं उत्तर बदललं, कोणाचा फायदा झाला, आपला कसा झाला नाही, यावर रात्री दीड-दोनपर्यंत चर्चा व्हायलाच पाहिजे. विषय कमी पडला तर मागचा इतिहास आहेच. 2023 च्या सुरुवातीला मुख्य परीक्षेचा वर्णनात्मक पॅटर्न पुढे ढकला म्हणून पोरं पुण्यात रस्त्यावर बसली आणि तो 2025 वर गेला. 2024 ला 25 ऑगस्टची पूर्व बँकेच्या परीक्षेशी क्लॅश झाली, पुन्हा आंदोलन, पुन्हा पुढे, शेवटी पेपर झाला 1 डिसेंबरला. यातल्या पोरांच्या मागण्या खोट्या होत्या असं मी अजिबात म्हणत नाही, तारखेच्या अनिश्चिततेने माणूस खरंच पिचून जातो. मी फक्त एवढंच म्हणतोय की ऑगस्ट ते डिसेंबर या फुकटात मिळालेल्या तीन महिन्यांत आपण काय वाचलं हे कोणी विचारायला लागलं तर पटकन आंदोलनाचा विषय काढायचा. मी अजूनही काढतो.

घरी फोन करायचाच असतो. माझं ठरलेलं वाक्य होतं, "आण्णा, थोडक्यात गेली, यंदा कट-ऑफच जास्त लागला." आण्णांना कट-ऑफ म्हणजे काय हे नक्की माहीत नाही, त्यांना सोयाबीनचा भाव माहीत असतो, तो पडतो तसा हा चढत असणार असं त्यांनी मनाशी जुळवून घेतलंय. ते म्हणाले, "बरं, मग पुढल्या वेळी जरा कमी लागंल का?" मी म्हटलं बघू. मागून आईचा आवाज, जेवलास का विचार. थोडक्यात म्हणजे किती हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुझ्याकडे विचारणारं कोणी असेल तर दोन मार्कांनी गेली असं सांग. दोन हा आकडा सगळ्यात चांगला. एक म्हटलं तर खोटं वाटतं आणि चार म्हटलं तर पुढचे प्रश्न येतात.

आता तयारीकडे वळू. सगळ्यात आधी अभ्यासिका बदल. जुन्या अभ्यासिकेत आपली पूर्व गेली म्हणजे तिथल्या खुर्चीत, लाईटमध्ये, पंख्याच्या आवाजात कुठेतरी दोष असणारच. सदाशिव पेठ सोडून नवी पेठेत जा, नवी पेठेत असशील तर सदाशिव पेठेत ये, दोन्हीकडची पोरं असं करतात म्हणून तर जागा रिकाम्या होत राहतात. नवीन डिपॉझिट भर, कप्प्याला नवीन कुलूप घे, खुर्चीवर बांधायला नवी उशी घे, समोर प्लायवर स्वतःच्या हाताने "उपजिल्हाधिकारी" लिहून चिकटव. एवढ्यात महिना जातो आणि महिनाभर आपण काहीतरी करतोय असं आतून वाटत राहतं, जे अभ्यासाने वाटत नाही, अभ्यासाने उलट आपल्याला काहीच येत नाही असं वाटायला लागतं.

मग पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. जुनी पुस्तकं, जी तू अर्धी वाचली होतीस, ती फेकायची नाहीत, फक्त कॉटखाली सरकवायची. राज्यघटनेचं पुस्तक तेच पण नवी आवृत्ती, कव्हरचा रंग बदललाय म्हणजे आतली कलमंही बदलली असणार. अर्थव्यवस्थेला मागच्या वेळी एक पुस्तक होतं, आता तीन घे, एका टॉपरने मुलाखतीत एक सांगितलंय, दुसऱ्याने दुसरं, तिसऱ्याने सांगितलंय की यातलं एकही वाचू नका, त्याच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, त्या पण घे. पाचवी ते बारावीची शाळेची पुस्तकं सगळे सांगतात म्हणून घ्यायचीच, पण ती नीट वाचायची मात्र नाहीत, आपण ग्रॅज्युएट माणसं, सहावीच्या भूगोलातली नदी काय बघायची. (ती नदी पेपरला येते. सोड.)

टाईमटेबलबद्दल थोडं जास्त बोलतो कारण हा माझा प्रांत आहे. ते बनवायला एक पूर्ण रविवार काढ, चार रंगांचे स्केचपेन आण, पहाटे 4:30 पासून सुरू कर. तू आजवर साडेआठच्या आत उठलेला नाहीस हा मुद्दा गौण. रोज चौदा तास बसव, जेवणाला वीस मिनिटं, आठवड्याची सुट्टी नाही, आजारी पडायची तर मुळीच सोय ठेवू नकोस. सोमवारी ते शंभर टक्के पाळलं जाईल. मंगळवारी दुपारी मेसवरून येऊन जरा पाठ टेकशील आणि जाग येईल ती सहाला, तोंडावर उशीचे वण, बाहेर क्लास सुटलेल्या पोरांचा गोंगाट. इथे घाबरून जाऊन उरलेली संध्याकाळ अभ्यास करायचा मोह होतो, तो टाळायचा. दिवस एकदा मोडला की मोडला. आता थेट पुढच्या सोमवारपासून, किंवा एक तारखेपासून, किंवा गणपती झाल्यावर. गणपतीनंतर नवरात्र येतं आणि नवरात्रानंतर दिवाळीला गावी जावंच लागतं, त्यामुळे फार विचार करावा लागत नाही.

मोबाईलचा मुद्दा राहिला. सोळा टेलिग्राम ग्रुप कमी आहेत. चालू घडामोडींची रोजची पीडीएफ डाऊनलोड कर, डाऊनलोड केली की ती आपल्याला आली असं समजायला मी पहिल्या वर्षातच शिकलो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे माझं नीट ऐक. मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका उघडू नकोस. ती परीक्षेनंतर घरी न्यायला देतात, उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपीही आपल्याकडे असते, म्हणजे आपण नेमकी कुठे माती खाल्ली हे कळायची पूर्ण व्यवस्था सरकारी खर्चाने केलेली आहे, आणि हाच सापळा आहे. माझा एक रूममेट यात सापडला. निकाल लागल्यावर आम्ही सगळे हरकतींवर बोलत होतो आणि हा गडी चार दिवस कॉटवर मांडी घालून बसला, पुढ्यात पेपर, कार्बन कॉपी, उत्तरतालिका, आणि एका शंभरपानी वहीत तीन रकाने पाडलेले: वाचलंच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, येत नव्हतं तरी ठोकलं. मी बाजूने जाताना डोकावलो तर तिसरा रकाना पान उलटून मागच्या बाजूला गेलेला. मला म्हणाला, आण तुझा पेपर, दहा मिनिटांत काढू. मी नको म्हणत होतो, त्याने काढलाच. पेपर एकचे 100 प्रश्न, 200 मार्क, मी 96 सोडवलेले, 54 बरोबर, 42 चूक, आणि चुकीच्या प्रत्येकाला पाव हिस्सा कापतात म्हणजे अर्धा मार्क, म्हणजे 21 मार्क मी स्वतःच्या हाताने पेनाने गोल काळे करून परत दिले होते. म्हणून सांगतो, असले हिशोब करू नये. रात्रीचं जेवण जात नाही.

त्यात एक प्रश्न होता पंचायत राजचा. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेली अकरावी अनुसूची, त्यात विषय किती. मला दोन्ही आकडे पाठ होते, 29 आणि 18, फक्त अकराव्या अनुसूचीचे 29 का बाराव्याचे 29 यात माझी नेहमी गडबड, आणि हॉलमध्ये मी ठामपणे 18 केलं. बाराव्या अनुसूचीतले, नगरपालिकांचे, 18. रूममेटने दुसऱ्या रकान्यात टिक केली आणि शांतपणे म्हणाला, "एवढं एक आज पक्कं करून टाक, गावं जास्त म्हणून विषय जास्त, झालं." मी हो म्हटलं आणि चहाला गेलो.

त्या माणसाचं पुढचं वर्ष बघवत नव्हतं. नवीन पुस्तक एक नाही. तीच जुनी, कोपरे दुमडलेली, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. दिवसाला सात-आठ तास, त्याच अभ्यासिकेत, त्याच खुर्चीवर, रविवारी मेसची फीस्ट खाऊन सरळ झोपायचा. रोज संध्याकाळी आयोगाचे जुने पन्नास प्रश्न, घड्याळ लावून. वर सीसॅट, म्हणजे उतारे-गणितांचा पेपर दोन, तो पण करायचा! आता सीसॅट नुसता क्वालिफाइंग, फक्त पास व्हायचं, 33 टक्के, 200 पैकी 66, त्याला कोण हात लावतं? आमच्यातल्या एकाला पेपर एकला दणदणीत मार्क आले आणि सीसॅटला 61, त्याचा पेपर एक मग धरलाच नाही कोणी, तरी आम्ही सीसॅट सोडून दिलेलाच, तत्त्व म्हणजे तत्त्व. हा बाबा मात्र रोज दोन उतारे आणि दहा गणितं, दात घासावे तसं. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. ना स्टेटसला कोट्स, ना भिंतीवर लाल दिव्याचा फोटो, ना "यंदा पोस्ट काढणारच" असं कोणाला बोलला, व्यक्तिमत्त्व म्हणून शून्य. तो आता रूमवर नाही. कुठल्यातरी जिल्ह्याला जॉईन झालाय, रोज लोक त्याच्याकडे सातबारा घेऊन येतात म्हणे, आणि इकडे त्याची कॉट रिकामी झाल्यामुळे आमचं प्रत्येकाचं भाडं वाढलं. स्वार्थी लोक असतात.

तू काही घाई करू नकोस. खुल्या गटाला 38 पर्यंत बसता येतं, राखीवला 43, दिवस भरपूर आहेत. प्लॅन बी विचारला की चिडायचं, कारण प्लॅन बी ठेवणाऱ्याचा प्लॅन ए कच्चा असतो असं एका व्हिडिओत सांगितलंय. मुख्य आता वर्णनात्मक झाली, मुलाखत सोडून 1750 मार्क, नऊ पेपर, हाताने पानंच्या पानं लिहायची, त्यामुळे "पूर्व झाल्यावर लिहायची प्रॅक्टिस करू" आणि "मुख्यची तयारी केली की पूर्व आपोआप होते" ही दोन्ही वाक्यं आलटून पालटून वापरता येतात, एकाने दुसऱ्याला सुट्टी मिळते. मी दोन वर्षं चालवलीत.

बाकी माझं व्यवस्थित चाललंय. दुसरी पूर्व पण दिली. अनुसूचींवर पुन्हा प्रश्न होता, या वेळी मी ठामपणे बाराव्या अनुसूचीला 29 केलं. नवीन अभ्यासिका बघून ठेवलीये, एसी आहे, कप्पा मोठा आहे. रूमवर टेबल मात्र जुनंच, त्याचा एक पाय आखूड, लिहायला बसलं की डुगडुगायचं, तर मी दोन्ही वर्षांच्या प्रश्नपत्रिका चार घड्या घालून त्याच्याखाली सरकवल्यात. एकाने थोडं डुगडुगत होतं. दोन घातल्यावर एकदम पक्कं बसलंय.