आठवी ‘ब’चे तीन सेकंद

जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला तास गणिताला द्यावा हे ज्याला सुचलं, तो माणूस त्या वेळी घरी वामकुक्षी घेत असणार. मी गणित शिकवते आणि हा तास बहुतेक वर्षी माझ्याच वाट्याला येतो. वर्ग आठवी ‘ब’. ‘अ’ तुकडी तास संपल्यावर गोंधळ घालते, ‘क’ तुकडी तास चालू असताना घालते. ‘ब’ला असला भेदभाव मान्य नाही.

वर्गात पाय टाकला की आधी वास येतो. मेथीचे पराठे, कैरीचं लोणचं, शेव आणि मैदानावरून थेट आत आलेली धूळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यात द्राक्षांची भर पडते. नाशिकजवळच्या मखमलाबाद-गिरणाऱ्याकडून येणारी मुलं डब्यात भाजीऐवजी सरळ घड आणतात आणि देठ बाकाच्या खणात ठेवून देतात, बहुधा पुढच्या बॅचसाठी. हल्ली द्राक्षं बहुतेक बिनबियांची असतात, हे वाण ज्यांनी आपल्याकडे रुजवलं त्यांचे शिक्षकांवर उपकार आहेत. बी मागच्या बाकावरून फळ्यापर्यंत पोहोचू शकते, हे सीताफळाच्या दिवसांत कळतं.

आवाजाचं म्हणाल तर आमच्या स्टाफरूमचं स्वतःचं माप आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीकडे बघून सगळं नाशिक पूर मोजतं: पायाला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. आम्ही वर्ग तसेच मोजतो. “आठवी ब आज?” “कमरेपर्यंत.” छातीच्या वर गेलं की मुख्याध्यापक खुर्चीतून उठतात. मारुती बुडाला की शेजारच्या वर्गातून एक गरीब चेहऱ्याचा मुलगा निरोप घेऊन येतो, “मॅडम, सरांनी विचारलंय, वर्गावर कोणी आहे का?” 

कोणी असतं. मी असते.

बी.एड.ला आम्हाला सूक्ष्म अध्यापन होतं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं अभिप्राय, बारा मिनिटं फेरनियोजन, परत सहा मिनिटं शिकवायचं, परत सहा मिनिटं अभिप्राय. असं 36 मिनिटांचं चक्र. समोर विद्यार्थी म्हणून आमच्याच वर्गमैत्रिणी, इस्त्रीच्या साड्या नेसून, वह्या उघडून बसलेल्या. प्रत्येकीचा पाठ उद्या-परवा असायचा, त्यामुळे आज झाडून सगळ्यांचे हात वर. त्या 36 मिनिटांत एकीनेही कधी उठून “मॅडम, हा माझा कंपास देत नाही” म्हटलं नाही. एकीलाही शू लागली नाही. अशा तयारीवर सरकार आपल्याला साठ मुलांसमोर उभं करतं. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलंय, हे मी मुलांना सांगितलं होतं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “मग आम्ही बाकीचे घरी जाऊ का?”

खरं शिक्षण स्टाफरूममध्ये होतं. तिथे सेवाज्येष्ठतेनुसार सल्ले मिळतात. ‘टेबलावर डस्टर आपटा,’ हा सगळ्यांत जुना. आपटल्यावर उडणारा खडू आपल्याच नाकात जातो आणि शिंका आपल्यालाच येतात, हे सांगायचं राहून जातं. ‘नवा खडू आधी मधोमध मोडून घ्या,’ हा मात्र सोन्यासारखा सल्ला. अखंड खडू फळ्यावर किंचाळतो, अर्धा किंचाळत नाही, आणि वर्गाला किंचाळायला निमित्त मिळत नाही. ‘फळा वरून खाली पुसा,’ हाही चांगला. भूगोलाचे सर आडवा पुसायचे. त्यांच्या चष्म्यावरूनच पाचवा तास झाल्याचं कळायचं.

छडीचा सल्ला आता कोणी देत नाही. 2010 च्या एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि शारीरिक शिक्षा बंद झाली, मानसिक छळही बंद झाला. (मुलांचा. शिक्षकांच्या छळाबद्दल कलम सापडलं नाही.) आमची छडी नकाशावर सह्याद्री दाखवायच्या कामाला लागली. पण पालकांपर्यंत कायदा अजून पोहोचायचाय. पालकसभेला एखादे वडील मुलाची मान धरून पुढे करतात आणि म्हणतात, “मॅडम, फोडून काढा, आपलं काही म्हणणं नाही.” मी म्हणते, कायद्याचं म्हणणं आहे. त्यांना वाटतं मी बिचारी घाबरते. मुलगा माझ्याकडे सहानुभूतीने बघतो.

मी स्वतः नव्या शिक्षकांना दोनच गोष्टी सांगते. पहिली, “समजलं का?” विचारू नका. साठ गळ्यांतून प्रार्थनेच्या सुरात “होऽऽ” येतं, आणि त्यात ज्याला काडीचंही समजलेलं नाही त्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत असतो. त्यापेक्षा एखाद्याला उभं करून विचारा, “घरी धाकट्या बहिणीला हे कसं सांगशील?” दुसरी, प्रश्न आधी विचारा, नाव मागाहून घ्या. नाव आधी घेतलं की उरलेला वर्ग त्या क्षणी सेवानिवृत्त होतो. तोही जुन्या पेन्शनसह, जी नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्या आम्हा लोकांना दिली नाही.

आता त्या तीन सेकंदांकडे येते. 1970 च्या दशकात मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या. त्यांना दिसलं की शिक्षक प्रश्न विचारतात आणि जेमतेम एक सेकंद थांबतात. मग स्वतःच उत्तर देतात, नाहीतर दुसऱ्याला विचारतात. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात, कधी न बोलणारी मुलं बोलतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. आणि मुलाने उत्तर दिल्यावरही लगेच ‘शाब्बास’ किंवा ‘चूक’ न म्हणता आणखी तीन सेकंद थांबायचं. म्हणजे एका प्रश्नाला एकूण सहा सेकंद शिक्षकाने तोंड मिटायचं. ज्या बाईला माहेरी ‘रेडिओ’ म्हणायचे तिला हे सांगताय.

तरी धाडस केलं. धडा ‘चलन’, म्हणजे एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते. फळ्यावर गणित: 8 मजूर एका द्राक्षबागेची छाटणी 6 दिवसांत करतात, तर 12 मजूर किती दिवसांत करतील? आणि मी गप्प.

पहिला सेकंद पुढच्या बाकाचा. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिथले हात वर गेलेले असतात, “मॅडम मी, मॅडम मी,” आणि हात नुसता वर नसतो, तो माझ्या नाकाच्या दिशेने सरकत असतो. मी कोणाचंच नाव घेतलं नाही. दुसऱ्या सेकंदाला खिडकीकडून तक्रार आली, “मॅडम, हा चिमटे घेऊ राह्यला!” एरवी मी यावर पाच मिनिटं बोलते. बोलले नाही. हा सेकंद फार लांब असतो. पंख्याचं एक पातं वाकलेलं आहे हे मला त्यातच कळलं. तिसऱ्या सेकंदाला वर्गाच्या लक्षात आलं की मॅडम बोलत नाहीयेत. कुजबुज मावळत मावळत मागे गेली. चिमटे घेणाऱ्याने हात मांडीखाली दडवले. मॉनिटर मुलगी उठली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “मॅडम, मामांना बोलावू का? पाणी आणतील.”

आणि मागून, जिथून आजवर फक्त सीताफळाच्या बिया आल्या होत्या तिथून, एक आवाज आला. “मॅडम, 12 मजूर मिळणारच नाहीत.”

‘गणितात मिळतात, बस खाली,’ हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पण दुसरे तीन सेकंद बाकी होते. ते मी ओठ दाबून काढले.

“ऑक्टोबरला सगळ्यांचीच छाटणी असते ना,” तो पुढे म्हणाला. “आणि रोजावर कोण येतं? एकरावर ठरतं. किती माणसं आणायची ते मुकादम बघतो.”

“मग मुकादम आठ आणील की बारा?” मी विचारलं आणि परत गप्प.

वर्ग पेटला. बारा आणले तर वाटे जास्त, म्हणजे प्रत्येकाला पैसे कमी, असं एक जण म्हणाला. एका मुलीने त्याला तिथेच आडवं घेतलं. तिचे वडील मजुरांची गाडी चालवतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. “कमी कसे? बारा असले तर चार दिवसांत मोकळे होतात आणि दुसरी बाग धरतात. आठ असले तर सहा दिवस तिथेच.” चार हे उत्तर होतं. फळ्यावर उत्तराचं एक अक्षर न लिहिता व्यस्त चलन (एक वाढलं की दुसरं घटतं) आलं होतं, आणि तेही दुपारी पावणेदोनला. पुढच्या बाकावरचे हात अजून वरच होते. हळूहळू एका हाताला दुसऱ्या हाताचा टेकू लागला.

आवाजात तेव्हा मारुती बुडाला होता. निरोप्या आला. त्याला मी मागच्या बाकावर बसवून घेतलं.

एवढं यश मिळाल्यावर माणूस घरी प्रयोग करणारच. नवऱ्याला विचारलं, “रात्री काय करू?” आणि तीन सेकंद थांबायचं ठरवलं. ‘काहीही’ हे उत्तर अर्ध्या सेकंदात येतं, संशोधनाला वावच नाही. दहावीतल्या मुलाला विचारलं, “पेपर कसा गेला?” म्हणाला, “बरा.” मी थांबले. “म्हणजे बराच.” मी थांबले. “आलेखाचा कागद आतमध्येच नेला नव्हता, पण शेजारच्याने…” आणि तिथे मला थांबणं जमलं नाही.

सीबीएस बसस्टँडला रिक्षावाल्याने भाडं सांगितलं, मी तीन सेकंद नुसतं बघत राहिले. तेवढ्यात तो दुसरं गिऱ्हाईक घेऊन शालिमारच्या वाटेला लागला. फोनवरही जमत नाही. रात्री साडेनवाला पालक विचारतात, “मॅडम, आमचा हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही, काय करावं?” आपण गप्प राहिलं की तिकडून, “हॅलो? रेंज गेली वाटतं,” आणि परत फोन. रविवारी मिसळ खायला गेलं तर हेच पालक समोरच्या टेबलावर. तेव्हा मात्र गप्प राहावंच लागतं, कारण काळ्या रश्श्याने नाक वाहत असतं आणि पापड तोंडात असतो. भाजीबाजारात तेवढं साधतं. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकून शांतपणे जुडीकडे बघत उभं राहायचं, बहुतेक वेळा दुसऱ्या सेकंदाला पाच रुपये उतरतात. एकदा मात्र जुडी विकणारा माझाच जुना विद्यार्थी निघाला. तोही गप्प राहिला. मागे चार बायका खोळंबल्या. शेवटी मी पूर्ण पैसे दिले, वर त्याने वाकून नमस्कार केला.

शिक्षकांना गप्प बसता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमची डिसेंबरची स्टाफ मीटिंग बघावी. मुख्याध्यापकांनी पोर्टलची माहिती, अपूर्ण टाचणं, पाण्याच्या टाकीचं झाकण, असं सगळं उरकलं. प्रत्येक विषयावर प्रत्येक जण बोलला, टाकीच्या झाकणावर दोनदा. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, “यंदा स्नेहसंमेलनाची जबाबदारी कोण घेतंय?”

तीन सेकंद झाले. दहा झाले. मराठीच्या मॅडम पर्सची चेन तपासू लागल्या. पी.टी.चे सर खिडकीबाहेर मैदान आहे ना, बघू लागले. भूगोलाच्या सरांनी डोळे मिटून घेतले. मुख्याध्यापकही मुरलेले, तेही हलेनात. कोणीतरी आधी तोंड उघडणार होतं, आणि ते आपलं नसावं एवढीच सगळ्यांची इच्छा.

चित्रकलेचे सर नुकतेच फळा पुसून आले होते. त्यांना शिंक आली.

“वा!” मुख्याध्यापक म्हणाले, आणि इतिवृत्तात त्यांचं नाव लिहून घेतलं.