हायड्रावर आठ तास

दहावीचं विज्ञान तुमच्याकडे आलं म्हणता? अभिनंदन. आता एक काम करा. दुसऱ्या भागाचं पुस्तक उघडा आणि तिसऱ्या धड्यावर, ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’वर, पेन्सिलीने बारीकशी फुली मारून ठेवा. भल्याभल्यांची गाडी तिथंच घसरते. माझी एकतीस वर्षांत एकदाही घसरली नाही. अभ्यासक्रम बदलले, धड्यांचे नंबर बदलले, मी बदललो नाही.

सुरुवात अमीबापासून करा आणि जमेल तेवढे दिवस त्याच्याकडेच मुक्काम ठोका. अमीबाचं द्विविभाजन, प्लॅनेरियाचं पुनर्जनन, पानफुटीच्या पानाला फुटलेली रोपं. सगळी सज्जन मंडळी. त्यातही हायड्रा म्हणजे देवमाणूस. अंगाला एक फुगवटा येतो, त्याचं पिल्लू होतं, सुटं होतं, संपला विषय. लग्न नाही, मानपान नाही, मागच्या बाकावर कुणी खाकरत नाही. हायड्रावर मी आठ तास काढलेत. मग एक जास्वंद आणा. परागकण, कुक्षी, परागनलिका करत करत फलनापर्यंत बिनधास्त जा. फुलांचे पालक शाळेत भांडायला येत नाहीत. पुढचं पान मात्र घड्याळ बघून उलटायचं. माणूस सुरू झाला की घंटा झाली पाहिजे. ही वेळ साधायला दोन-तीन वर्षं लागतात, धीर सोडू नका.

‘उरलेलं घरी वाचून या,’ एवढं म्हणून डस्टर उचला. पोरं वाचून येत नाहीत, कारण ते पान त्यांनी जूनमध्येच, पुस्तकाला कव्हर घालायच्याही आधी वाचलेलं असतं. राहिलेल्या शंका मोबाइल फेडतो. कशा फेडतो, ते तुम्ही विचारू नका, मी सांगत नाही.

फारच आग्रह झाला, तर वर्ग फोडा. मुली शिवणाच्या बाईंकडे, मुलगे मैदानावर. पाळीशी मुलग्यांचा संबंधच काय? पुढे ते नुसते नवरे होणार, बाप होणार, मेडिकलमध्ये पॅडचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देणार. त्याला कबड्डी पुरते. मुली परतल्यावर ‘काय सांगितलं गं?’ असं एखाद्याने विचारलंच, तर त्याला अंगठे धरून उभा करा. उत्तर न देता प्रश्न मिटतो.

बोर्डाला हा धडा येतो, ही एक अडचण आहेच. त्यावर उपाय पाठांतर. अंडाशयातली पुटिका वाढते, चौदाव्या दिवसाच्या आसपास फुटते, अंडपेशी बाहेर पडते, रिकाम्या पुटिकेचं पीतपिंड होतं, त्यातून प्रोजेस्टेरॉन. फलन झालं नाही की पीतपिंडाचा ऱ्हास, गर्भाशयाचा अंतःस्तर गळतो, रक्तस्राव. घडाघडा म्हणून घ्या, अगदी पाढ्यासारखं. माझ्या एका विद्यार्थिनीने हे उत्तर असं लिहिलं होतं की अर्धा मार्क कापायला जागा सापडेना. त्याच संध्याकाळी ती घरी दारापाशी वेगळ्या सतरंजीवर बसली होती. ‘कावळा शिवला’ म्हणाली तिची आजी. विज्ञानाच्या वहीत कावळा नव्हता, आजीच्या घरात पीतपिंड नव्हतं. दोघांची गाठ पडू न देणं, यालाच अध्यापनकौशल्य म्हणतात.

कुणी तरी विचारतंच, ‘सर, माझी अठ्ठावीस दिवसांनी येत नाही, पस्तीसने येते. मला काही झालंय का?’ यावर ‘पुस्तकात अठ्ठावीस दिलंय’ म्हणा. काहीही झालेलं नाही, मोठ्या बाईचंही चक्र एकवीस ते पस्तीस दिवसांचं असू शकतं आणि सुरुवातीच्या वर्षांत मुलीचं पंचेचाळीसपर्यंतही जातं, हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. पण ती निश्चिंत होऊन खाली बसली की शेजारची उभी राहते. मग तिसरी. असे वर्ग हाताबाहेर जातात.

एक वाक्य मात्र घाईतच उरका: आईकडून नेहमी एक्स गुणसूत्र येतं, मुलगा की मुलगी हे बापाकडून एक्स येतं की वाय यावर ठरतं. हे सावकाश सांगितलंत, तर तीन मुलींवर थांबलेल्या एखाद्या घरात ती पोर जेवताना तेच बोलून बसेल. मग पालकसभेला त्या घरचा माणूस तुम्हाला शोधत येईल.

कुणी भित्रा म्हणालं, तर खुशाल २००७ सालाकडे बोट दाखवा. शाळांसाठी आलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम तेव्हा आमदारांच्या आरडाओरड्यानंतर राज्य सरकारनेच थांबवला. सरकार जिथं मागे सरतं, तिथं सहाय्यक शिक्षकाने पुढे जाऊ नये. र. धों. कर्वे गेले होते. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, चार वर्षांत प्राध्यापकी गेली. १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, अश्लीलतेचे खटले अंगावर आले. १९३४ च्या खटल्यात वकील खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तरी दंड झाला. आणि लक्षात घ्या, कर्वे शिकवत होते गणित. तुम्ही तर थेट विज्ञानाचे.

माझा निरोपसमारंभ छान झाला. शाल, श्रीफळ, आणि ‘सरांविरुद्ध कधीही तक्रार आली नाही’ असं अध्यक्षांचं भाषण.

परवा दहावीतली नात पुस्तक घेऊन शेजारी येऊन बसली. ‘आजोबा, तुम्ही हेच शिकवायचात ना? मला जरा विचारायचंय.’ पान बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हटलं, ‘बाळा, आधी मला सांग, हायड्रा झाला का तुमचा?’

‘तेच तर,’ ती म्हणाली, ‘मागच्या आठवड्यापासून आमच्या सरांचं तेच चाललंय.’