पोलिसांचा व्हिडिओ काढला म्हणजे गुन्हा? नाही हो

गणपतीला चाकरमानी यायला लागले, हायवेवर नाकाबंदी बसली, की तोच मेसेज वाडीच्या ग्रुपवर परत फिरतो. "पोलिसांचा व्हिडिओ काढणं गुन्हा आहे, गोपनीयता कायद्यात 3 वर्षं जेल, पोलीस मोबाईल घेऊन व्हिडिओ डिलीट करू शकतात." यंदा आमच्या काकांनीपण पाठवला, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आधी तो गोपनीयता कायदा. तो म्हणजे 1923 चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, इंग्रजांच्या काळातला, हेरगिरी रोखायला केलेला. त्यात 'निषिद्ध जागा' कुठल्या ते लिहून ठेवलंय, लष्कर, नौदल, दारूगोळ्याची कोठारं वगैरे. वर्ध्याला एकाने पोलीस स्टेशनात व्हिडिओ काढला म्हणून 2018 मध्ये याच कायद्याखाली गुन्हा लावला होता, 2022 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला, कारण त्या व्याख्येत पोलीस स्टेशन येतच नाही. 2024 ला पाथर्डीच्या केसमध्ये औरंगाबाद खंडपीठानेपण हेच म्हटलं, तिथे तर स्टेशनातलं बोलणं रेकॉर्ड केलेलं. आता कोणी म्हणेल नागपूरचं नागपूरला, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या केसेस हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या बेंचकडे जायला लागल्या तरी हायकोर्ट एकच आहे ना. आणि स्टेशनाच्या आत जर हा कायदा लागत नाही तर भर रस्त्यावरच्या नाक्यावर कुठून लागणार? हां, किनाऱ्यावर नौदलाची हद्द असेल तिथे मात्र मोबाईल खिशातच ठेवा, तिथे हा कायदा खरंच आहे.

दुसरी धमकी, "सरकारी कामात अडथळा, 353 लावू". 353 हे जुन्या दंड संहितेचं (आयपीसी) कलम, 1 जुलै 2024 पासून ते नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम 132 झालंय आणि त्याला हल्ला किंवा बळजबरी लागते. नुसत्या अडथळ्याचं कलम वेगळं, 221. चार पावलं लांब, गप्प उभं राहून व्हिडिओ काढणं यातलं काहीच नाही. पण घाटात गाडी उलटलीय, जखमींना बाहेर काढतायत आणि तुम्ही मध्येच मोबाईल घेऊन उभे, तर तो अडथळाच, तिथे मी तुमच्या बाजूने बोलणार नाही.

डिलीटचं ऐकून मला खरा राग येतो. माझ्या मावसभावाचा मोबाईल एका नाक्यावर असाच हातातून घेतला, व्हिडिओ पुसला आणि परत दिला, ना कागद ना पंचनामा, आणि तो बिचारा थँक्यू म्हणून आला. अहो, पुरावा म्हणून घेतला असेल तर रीतसर जप्ती दाखवायची, मॅजिस्ट्रेटला कळवायचं. आणि पुरावाच असेल तर तो पुसता कसा? पुसायचा अधिकार कुठल्याच कायद्यात दिलेला नाही.

"पोलिसांना प्रायव्हसी नाही का?" आहे की, घरी. वर्दीत, ड्युटीवर, रस्त्यात चाललेलं काम ही सगळ्यांसमोरची गोष्ट आहे. सुप्रीम कोर्टानेच 2 डिसेंबर 2020 ला प्रत्येक पोलीस स्टेशनात आवाजासकट सीसीटीव्ही लावायला सांगितलेत, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (तपास कसा करायचा त्याचा कायदा) झडती घेताना पोलिसांनी स्वतःच व्हिडिओ करायचा आहे, तोपण शक्यतो मोबाईलवर.

जपायचं असतं ते दुसऱ्या कोणाला तरी. तक्रार द्यायला आलेली बाई, लहान मुलं, अपघातातला माणूस यांचे चेहरे ग्रुपवर टाकू नका, बलात्कार आणि पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) केसमध्ये ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. तसा व्हिडिओ असला तर कॉपी करून ठेवा आणि थेट वकिलाकडे द्या.