दीड मिलिमीटरचा धुरा

टेप ज्याच्या हातात, शिव्या त्याच्या नावावर. लॉन बोल्सच्या सामन्यात पंचाच्या वाट्याला एवढंच येतं. सामना वऱ्हाड विरुद्ध झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातला धानाचा मुलूख, असा असला, तर त्या शिव्या दोन बोलींत ऐकून घ्याव्या लागतात. एक बाजू "काहून बे" म्हणून सुरू होते, दुसरी "असा कसा जी" म्हणून. शेवटी 'जी' लागला म्हणून धार कमी होते, असं कोणी समजू नये.

खेळ सांगायला सोपा आहे. जॅक नावाचा लहान पांढरा चेंडू आधी लोटायचा आणि मग मोठे बाउल त्याच्या जितके जवळ थांबवता येतील तितके थांबवायचे. ज्याचा जवळ, त्याचा गुण. पारावरच्या म्हाताऱ्याला एवढं सांगितलं की तो म्हणतो, "मंग गोट्याच ना बाप्पा!" गोट्याच. फक्त ही गोटी दीड किलोपर्यंत भरते आणि सरळ जात नाही.

सरळ न जाणं हाच खेळाचा जीव. बाउल दिसतो गोल, पण एका अंगाला त्याची घडण किंचित वेगळी असते. वेग असेपर्यंत तो शहाण्यासारखा चालतो आणि वेग ओसरला की त्या अंगाला कलंडत वळतो. आत शिसं भरलंय असा गावभर समज आहे. आत काही नाही, सगळी करामत आकाराची. बाउलच्या दोन्ही बाजूंना चकतीसारखी खूण असते. लहान खूण ज्या अंगाला, तिकडे तो वळणार. म्हणून जॅक नाकासमोर असला तरी बाउल सोडायचा हातभर, कधी दोन हात बाहेर, आणि त्याला आपल्या पायानं घरी येऊ द्यायचं. नवा गडी हमखास तो उलटा धरतो. मग बाउल ऐटीत शेजारच्या रिंकवर, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या पट्ट्यावर, जाऊन तिथल्या डावात बसतो. उजवीचा बैल डावीकडे जुंपल्यावर तास जसं जातं, तसंच हे.

पण या खेळातलं खरं दुखणं बाउल नाही, जमीन आहे.

नियमात मैदानाची लांबी ३१ ते ४० मीटर आणि एका रिंकची रुंदी ४.३ ते ५.८ मीटर. दोन रिंक करायच्या ठरल्या, म्हणून ३७ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद तुकडा आखला. जवळपास साडेचार गुंठे. एवढ्यात किती सोयाबीन झालं असतं, याचा हिशेब लोकांनी फक्की पडायच्या आधीच काढून दिला. तुकडा होता भारी काळ्या जमिनीचा. ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते आणि भेगाळते. कापसाला ती सोन्यासारखी, बाउलला वैऱ्यासारखी. फुगलेल्या जागी उंचवटा येतो, बसलेल्या जागी खळगा पडतो, आणि चार मिलिमीटरच्या खळग्यानं बाउलची वाट बदलते. उपाय पुस्तकी आहे: माती काढा, खाली चार इंच गिट्टी घाला, वर फूटभर वाळू. हिशेब केला तर फूटभर वाळू झाली ४८ ब्रासच्या घरात. हा आकडा बैठकीत वाचला आणि पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "एवढ्या रेतीत घरकुलाची लाइन उभी राहीन." वाळू चार इंचांवर आली, म्हणजे १६ ब्रास. गिट्टी विषयपत्रिकेवरूनच गेली. त्यामुळे आमची हिरवळ ऋतुमानानुसार श्वास घेते.

सपाटी काढायला लेझरवालं यंत्र नको. गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी आणि दर दोन मीटरवर एक खुंटी एवढं पुरतं. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन खुंट्यांमध्ये बोटभर खोटं निघतं. म्हणून आधी नळी दोन्ही टोकांनी उचलून पाणी खेळवायचं, बुडबुडा बाहेर काढायचा, मग खूण करायची. ही अट आम्ही पाळली. उन्हात नळी तापून नवा बुडबुडा धरला, तो पाळला नाही.

गवत लावलं हराळी. उष्ण प्रदेशांत जगभर बाउलच्या मैदानावर याच जातीचं गवत असतं, बारीक पानाचं आणि जमिनीलगत पसरणारं. कापायचं पाच मिलिमीटरच्या आसपास, तेही दिवसाआड. हे ऐकून एका शेतकऱ्यानं डोक्याचा दुपट्टा काढून घाम पुसला. "साऱ्या जिंदगीत वावरातून हराळी उपटली, पोट्ट्याच्या लग्नाले उशीर झाला, आन् तुम्ही इथं लावून राह्यले?" त्याच्याच धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चार टोपल्या हराळी फुकट मिळाली. देताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो लेक सासरी पाठवणाऱ्या बापाचा खचित नव्हता. थंडी पडली की हीच हराळी पिवळी पडून वाढ थांबवते. शेतात मात्र थांबत नाही, असं त्याचं ठाम मत आहे.

मैदानाचा वेग सेकंदांत मोजतात, आणि इथं भल्याभल्यांचं डोकं फिरतं. हातातून सुटल्यापासून २७ मीटरवर जाऊन थांबेपर्यंत बाउलला जितके सेकंद लागतात, तितका मैदानाचा वेग. सेकंद जास्त, तर मैदान जलद. इंग्लंडातल्या जड हिरवळीवर १० ते १२ भरतात, न्यूझीलंडात १५ च्या वर. कारण सरळ आहे. गवत दाट असलं की बाउल जोरानं ढकलावा लागतो. तो धावतो आणि एकदम बसतो. मैदान गुळगुळीत असलं की हलक्या हातानं सोडलेला बाउल रेंगाळत, वळण घेत येतो. आमचं मैदान ९ सेकंदांचं. म्हणजे बाउल वळायचा विचार करीपर्यंत मुक्काम येतो.

चौघांच्या संघात प्रत्येकाला दोन बाउल. एका एंडला, म्हणजे एका फेरीला, दोन्ही बाजूंचे मिळून १६. पहिला लीड. तो मॅट अंथरतो आणि जॅक लोटतो. मॅट ६० सेंटिमीटर लांब, ३६ रुंद. बाउल सुटताना निदान एका पायाचा काही भाग मॅटवर किंवा मॅटच्या वर हवा. जॅक मॅटच्या रेषेपासून किमान २३ मीटरवर थांबला पाहिजे, नाहीतर पुन्हा. संत्र्याच्या पट्ट्यातले खेळाडू ६३-६४ मिलिमीटरचा जॅक तळहातावर तोलतात आणि "बारका माल आहे" म्हणतात. दुसरा सेकंड, गुणांचा कागद त्याच्याकडे. तिसरा थर्ड, तो मोजतो आणि भांडतो. चौथा स्किप. तो पलीकडच्या टोकाला जॅकजवळ उभा राहून हातवारे करतो आणि स्वतः सगळ्यात शेवटी टाकतो. वाटणी झाल्यावरचा थोरला भाऊ डोळ्यांसमोर आणा. सल्ला सगळ्यांना, जोखीम शेवटी आणि बिघडलं तर आधीच्यांनी बिघडवलेलं.

हा खेळ म्हाताऱ्यांचा, असं म्हणणारे २०२२ च्या ऑगस्टपासून जरा दबून असतात. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा रानी तिर्की या चौघींनी उपांत्य सामन्यात न्यूझीलंडला आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० हरवून सुवर्ण आणलं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक संघात एक तरी गडी असा निघतो, की त्याची भाची पुढच्या वेळी जाणारच असते.

पाहुणा संघ सकाळी येतो तो तांबारलेल्या डोळ्यांनी. झाडीपट्टीत दिवाळी उलटली की नाटकांचा हंगाम, आणि तिथलं नाटक रात्री उभं राहतं ते पहाटेशिवाय बसत नाही. सामन्याच्या आदल्या रात्री नाटक असलं, तर लीड मॅटवर उभ्या उभ्या डुलकी काढतो. यजमानांना यात आशा दिसते. ती फोल असते. हे लोक धानाच्या बांधीतले. चिखलावर पाणी सोडून कुठं उंच, कुठं सखल हे डोळ्यांनी टिपायची त्यांना जन्माची सवय. सरावाच्या एंडला त्यांचा स्किप गुडघ्यावर बसून गाल जमिनीला टेकवतो आणि उठून म्हणतो, "उजवीकून तिसऱ्या हातावर पानी थांबंल जी." आमच्या नळीतला बुडबुडा त्याला तिथं सापडलेला असतो. मग ते सगळे त्या बाजूनं टाकतच नाहीत.

यजमानांचा डाव दुपारच्या जेवणावर असतो. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वर तूप, बाजूला वांग्याची भाजी. रोडगा जॅकपेक्षा मोठा, बाउलपेक्षा लहान आणि पोटात गेल्यावर दोघांहून जड. जेवणानंतरच्या तीन एंडांत पाहुण्यांचे बाउल जॅकच्या मीटरभर अलीकडे थांबतात. भाताशिवाय जेवण झालं असं मानायला झाडीचा माणूस तयार नसतो, म्हणून वर भातही घेतात. ते तीन एंड यजमानांचे.

आता मोजणीकडे. सोळावा बाउल थांबला की लगेच पुढं व्हायचं नाही. कुठल्याही बाजूनं मागितलं तर ३० सेकंद वाट पाहायची, कारण काठावर रेललेला बाउल पडूही शकतो. या तीस सेकंदांत एक बाजू देवाचं नाव घेते आणि दुसरी खोकते. कोणी खोकलं म्हणून बाउल पडल्याचं मी पाहिलेलं नाही, पण हनुवटी जमिनीला लावून कोणी खोकू नये. पडेल असं वाटणाऱ्या बाउलला मोजण्याआधी पाचर लावायची. ज्यानं आपल्या चालीत जॅकला स्पर्श केला, त्या बाउलवर खडूची खूण असते. तो चरात पडला तरी जिवंत. न शिवलेला चरात गेला, तर मेला. हा चर म्हणजे मैदानाच्या टोकाची नाली, ५ ते २० सेंटिमीटर खोल. त्यातला बाउल जिवंत की मेलेला, यावरून झालेले वाद वाटणीच्या खटल्याइतके लांबतात.

अंतर धरायचं जॅकच्या सर्वांत जवळच्या अंगापासून बाउलच्या सर्वांत जवळच्या अंगापर्यंत. मध्यापासून नाही. टेपचं टोक जॅकच्या अंगाला जेमतेम भिडवायचं, ढकलायचं नाही. दोरी ताणायची, काटा घट्ट करायचा आणि तेच अंतर दुसऱ्या बाउलकडे फिरवायचं. बैलाचा कासरा चालेल का, असा प्रश्न दर वर्षी येतो. चालत नाही. सुती दोरी ओढू तशी वाढते, आणि ओढणारा कोण आहे यावर निकाल ठरतो. कापसाच्या मुलखात हे बोलायचं म्हणजे धाडस आहे, पण मी बोलतो. दुसरी काळजी दुपट्ट्याची. वाकलेल्या माणसाच्या गळ्यातून सुटलेल्या दुपट्ट्याच्या टोकानं जिंकणारा बाउल घरंगळू शकतो. मोजणाऱ्या थर्डनं हलवला, तर तो परत ठेवायचा हक्क समोरच्या संघाचा. एवढ्यासाठी लोक समोरच्याला मोजायचा आग्रह करतात.

शेवटचा एंड. गुण १४-१४. काळा बाउल जॅकच्या उजवीकडे, तपकिरी डावीकडे. बघ्यांचं वर्तुळ इतकं आवळलं की उजेड बंद. मी पोटावर पडलो. काळा बाउल ४१.३ सेंटिमीटर. दोरी फिरवली. तपकिरी ४१.३. गवताची एक काडी टेपखाली होती, ती काढली. काळा ४१.१५, तपकिरी ४१.१५. दीड मिलिमीटर काडीचा निघाला, फरकाचा काहीच नाही.

इथं एक सांगून टाकतो. या गर्दीतला प्रत्येक जण धुऱ्याचं भांडण पाहून मोठा झालेला आहे. शेजाऱ्यानं वखर फिरवताना दर साली दोन बोटं धुरा खाल्ला, हे त्याला आजोबांनी दाखवलेलं असतं. तो मिलिमीटरला हसत नाही. त्यानं मागच्या मागं विचारलं, "पटवाऱ्याले बलवायचं का?"

समान अंतर, म्हणजे त्या एंडला कोणालाच गुण नाही. नियमात एवढं लिहिलंय. दोन्ही थर्डनी ते दोनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा मोजायला लावलं. मग जादा एंड आणि त्यासाठी पुन्हा नाणेफेक. हिरवळीवर गर्दी नको म्हणून दोन्ही स्किप बाहेर गेले, जिथं वाळू घातली नव्हती. फेब्रुवारी संपत आलेला, जमीन फाटलेली. झाडीच्या स्किपनं खिशातला रुपया उडवला. तो पडला, एकदा उडाला आणि दोन बोटं रुंद भेगेत गेला.

कोणी कोपरापर्यंत हात घातला. हाताला फक्त गारवा लागला.

"वावर माहं, भेग माही," जमीनमालक म्हणाला.

"पन रुपया आमचा होता जी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेपचं टोक भेगेत सोडलं.